चेअरमनसाहेब, अज्ञात घट कुठे जाते?

मा. अध्यक्ष महोदय,
राज्यातील सर्व सहकारी साखर कारखाने



दसरा जवळ आला की बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका निघतात. मग काही दिवसांत गव्हाणीत मोळी पडते, मंडप सजतो, फेटे बांधले जातात आणि तुमचं भाषण होतं. त्या भाषणात दरवर्षी एक वाक्य ठरलेलं असतं : कामगार बंधूंनी जीव ओतून काम करावं आणि या हंगामात उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, वाढवून दाखवावा. मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. चौतीस हंगाम ते वाक्य मंडपाच्या मागच्या रांगेत उभं राहून ऐकलं. उताऱ्याच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मागच्या रांगेत नसून व्यासपीठावर आहे, हे तिथे उठून सांगायची सोय नव्हती. आता निवृत्त झालोय. म्हणून हे पत्र.

तुमच्यापैकी अनेकजण शेतकरी आहात, काही वकील, काही डॉक्टर. लॅबचं रजिस्टर तुम्ही रोज उघडत नसाल, म्हणून आधी त्याबद्दल थोडं सांगतो. उसातून साखर किती आली आणि पोत्यात किती गेली, या दोहोंतला फरक आम्ही चार ठिकाणी लिहितो. थोडी साखर बगॅसमधून जाते, थोडी प्रेसमडमधून, बरीच मळीतून. हे तिन्ही मोजता येतं. एवढं करून जे जुळत नाही ते चौथ्या ओळीत टाकायचं. कागदावर तिला अज्ञात घट म्हणतात, आमच्यात सगळे अननोन लॉस म्हणतात. पंपाच्या ग्लँडमधून ठिबकलेला रस, रात्री ओसंडून गेलेली टाकी, धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात गेलेला गोडवा, चुकून किंवा मुद्दाम चुकीचं लिहिलेलं वजन, हे सगळं त्या एका ओळीत येतं. नीट चालणाऱ्या कारखान्यात ही ओळ अगदी बारीक असते.

मी ती ओळ दोन अध्यक्षांच्या काळात पाहिली. मिल त्याच, बॉयलर तेच, पॅनही तेच. गावं तीच आणि कामगारही बहुतेक तेच. अध्यक्ष बदलले आणि चार हंगामांत ती ओळ फुगली. मशिनरी म्हातारी झाली, पाऊस कमी झाला, अशी कारणं वार्षिक अहवालात छापून आली. त्यात थोडं खरंही होतं. पण मी आतला माणूस आहे. माझं म्हणणं असं की वर बसलेला माणूस खोटं वागायला लागला की खाली खरं सांगणं बंद होतं, आणि खरं कळेनासं झालं की कारखाना आंधळा चालतो.

पहिल्या अध्यक्षांबद्दल सांगतो. माणूस गोड बोलणारा नव्हता. बूट न घालता मिलवर आलेल्या फिटरला चारचौघांत झापायचे. साखरेतलं तंत्र त्यांना फारसं कळत नव्हतं आणि ते तसं कबूलही करायचे; पोल म्हणजे काय हे त्यांनी मला तीन वेळा तरी विचारलं असेल. पण त्यांचा स्वतःचा ऊस नंबराने यायचा.

एक रात्र मला लख्ख आठवते. जानेवारीतली थंडी, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेलेली. साहेबांच्या शेतातली ट्रॉली आली तेव्हा पुढे साठ-बासष्ट वाहनं होती. वाहनांना नंबर देणारा नंबरटेकर पोरगा नवा होता. त्याने ट्रॉली ओळखली आणि हाताने बाजूच्या वाटेकडे खूण केली. ड्रायव्हर खाली उतरला नि म्हणाला, "नको रे बाबा. नंबरानंच लावायला सांगितलंय." ट्रॉली रात्रभर उभी राहिली. सकाळी साहेब जीपने आले, तेव्हा ती अजून वजनकाट्यापासून लांबच होती. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, शेकोटीपाशी बसलेल्या गाडीवानांबरोबर कपभर चहा घेतला आणि ऑफिसात गेले. कुणाला काही बोलले नाहीत. पण ती उभी ट्रॉली यार्डातल्या प्रत्येकाने पाहिली होती, आणि दुपारपर्यंत ती गोष्ट पॅनच्या मजल्यावर, बॉयलरवर, गोदामात सगळीकडे पोचली.

त्या हंगामात शेती खात्याचं काम कसं चाललं होतं ते बघा. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे चालायचा. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला कुणी धमकावलं तर तो सरळ म्हणायचा, "साहेबांचाच ऊस अजून उभा आहे, तुमचा आधी कसा तोडू?" एवढ्या एका वाक्यावर वाद मिटायचा. नंबराने तोड झाली की पक्व ऊस वेळेवर येतो. कोवळा आधी येत नाही आणि जुना तुरा काढून वाळत बसत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत मिलमध्ये पडला तर त्यातली साखर शाबूत राहते, नंतर ती तासातासाला मोडत जाते. म्हणजे अध्यक्षांची ट्रॉली रांगेत उभी राहिली आणि उतारा लॅबमध्ये वाढला, या दोन गोष्टींमध्ये चमत्कार काही नाही. चिटबॉयच्या तोंडात बळ आलं, त्याने आपलं काम नीट केलं, बस्स.

दुसरी गोष्ट पॅनमनची. पॅन म्हणजे साखरेचं गर्भगृह. निर्वातात पाक आटत जातो, दाणा धरतो, वाढतो. पॅनमन थोडा मॅसेक्विट, म्हणजे दाणा धरलेला पाक, काचेवर घेतो, दिव्यासमोर धरतो आणि अंगठ्याने पसरून बघतो. तीस वर्षं पॅनवर काढलेला पॅनमन त्या काचेवर जे वाचतो ते आम्हाला सूक्ष्मदर्शकातही लवकर दिसत नाही. तर एकदा पहाटे तीनच्या सुमारास आमचे सगळ्यात जुने पॅनमन स्वतः ती काच घेऊन जिना उतरून लॅबमध्ये आले. हात थरथरत होता. "साहेब, फॉल्स ग्रेन आलाय. माझाच डोळा लागला."

फॉल्स ग्रेन म्हणजे नको असलेला बारीक दाणा. तो तसाच पुढे गेला तर सेंट्रिफ्यूगलची जाळी बुजते, जास्त पाणी मारावं लागतं, तयार साखर पुन्हा विरघळून मळीच्या वाटेला लागते. वेळेवर कळलं तर पॅनमध्ये पाणी घेऊन तो दाणा विरघळवता येतो. दीड-दोन तास जातात, साखर वाचते. आम्ही तसंच केलं. लॉगबुकात जे झालं ते लिहिलं. सकाळी अध्यक्षांनी ते वाचून पॅनमनना बोलावलं तेव्हा आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. साहेबांनी एकच विचारलं, "ड्युटी कितवी होती?" सलग दुसरी होती, रिलिव्हर आलाच नव्हता. मग बोलणी बसली ती रिलिव्हर न पाठवणाऱ्या टाइम ऑफिसला. पॅनमनना साहेब म्हणाले, "तुम्ही आपणहून सांगितलंत, बरं केलंत." त्या हंगामात तिन्ही पाळ्यांमध्ये चूक झाली की ती आधी लॉगबुकात यायची.

चोऱ्या तेव्हाही व्हायच्या, सगळे संत होते असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या डब्यातून साखर जायची. पण एकदा गेटवर डबा उघडला गेला तेव्हा पहारेकऱ्याच्या आधी त्या माणसाच्या पाळीतलेच लोक त्याच्यावर तुटून पडले होते. आपल्या घरातली वस्तू कुणी नेतोय, असा तो राग होता.

आता दुसरे अध्यक्ष. हे बोलायला फार गोड. प्रत्येक कामगाराला नावाने हाक मारायचे, लग्नाकार्याला आवर्जून यायचे. कामगार कल्याणावर त्यांचं भाषण ऐकून बायाबापड्यांचे डोळे पाणवायचे. त्यांचा ऊस मात्र नंबराने आला नाही. पाहुण्यांचाही नाही. त्यांच्या पहिल्याच हंगामात जानेवारी महिन्यात माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आली. सही नव्हती. एका कागदावर उताऱ्याचा आकडा आणि खाली दोन शब्द : "एवढाच ठेवा."

काट्यावर उसाच्या वजनात काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल छातीठोकपणे बोलणार नाही. पण चिठ्ठी माझ्या हातात होती आणि तिचा अर्थ साखरेतल्या कुणालाही कळेल. उसाचा भाव उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. मागे दर कमी होते, पण रीत हीच. म्हणजे उताऱ्यातला एक बारीक अंश खाली लिहिला की हजारो शेतकऱ्यांच्या बिलातून थोडे थोडे पैसे उडतात, कुणाला पत्ता लागत नाही. आणि कागदावर न आलेली साखर कुठेतरी असतेच.

मी त्या आकड्यावर सही केली. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, कारखान्याच्या वसाहतीतलं घर होतं. हे कारण म्हणून सांगतोय, समर्थन म्हणून नाही. त्या सहीचं ओझं अजून उतरलेलं नाही, हे पत्र लिहायला बसलो त्यातलं एक कारण तेही आहे.

पण मला तुम्हाला पुढची गोष्ट सांगायची आहे, कारण ती कुठल्याच अहवालात येत नाही. शेवटच्या मिलमधून निघणाऱ्या बगॅसचा नमुना दर तासाला घ्यायचा असतो. तिथे धुरळा, उकाडा, कानठळ्या बसवणारा आवाज. नमुना आणायचा, डायजेस्टरमध्ये तासभर उकळायचा, गाळायचा, पोलरीमीटरवर लावायचा. एवढा खटाटोप करून हातात येतो बगॅसमधल्या साखरेचा एक आकडा, दोन टक्क्यांच्या आसपास. मी सही केल्याला तीन आठवडे झाले असतील. सकाळी रात्रपाळीचं पान उघडलं तर दोन, दोन पॉइंट एक, दोन, दोन पॉइंट एक; आठही तास एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. डायजेस्टरला हात लावला तर थंडगार. रात्रपाळीचा पोरगा हुशार होता, बी.एस्सी. झालेला, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मी विचारलं, "नमुना घेतलास?" त्याने मान खाली घातली नाही. शांतपणे म्हणाला, "सर, आपणही लिहितोच ना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौतीस हंगामांत मी शेकडो जणांना रागावलो असेन, त्या दिवशी जीभ उचलली नाही. त्याला रजेवर पाठवणं, मेमो देणं, सगळे अधिकार होते. ज्या तोंडाने मेमो द्यायचा ते तोंडच राहिलं नव्हतं.

पुढे आठवडाभराने मी स्वतः मिलवर जाऊन नमुना घेतला. आकडा दोन पॉइंट चारच्या वर. शेवटच्या मिलच्या रोलरचे दात झिजले होते, सेटिंग ढिलं पडलं होतं. निदान आठ दिवस तरी असंच चाललं असणार आणि आमच्या रजिस्टरात सगळं ठीक होतं. आता हिशेब मांडा. दिवसाला ५,००० टन गाळप, त्यातून साधारण १,४०० टन बगॅस. पोल, म्हणजे मोजलेली साखर, ०.४ टक्क्याने जास्त, म्हणजे रोज ५.६ टन साखर बगॅसमध्ये. त्यातली थोडी मळीत गेलीच असती असं धरलं, तरी रोजची शंभरच्या घरात पोती. बगॅस जातो बॉयलरला. म्हणजे शेतकऱ्याने चौदा-पंधरा महिने पाणी पाजून वाढवलेली साखर आम्ही आठ दिवस भट्टीत जाळत होतो, आणि हिशेबात ती अज्ञात घटीच्या त्या चौथ्या ओळीत जात होती. २०१९ च्या फेब्रुवारीत ठरलेला किलोला ३१ रुपयांचा किमान विक्रीदर धरला, तर ५.६ टनांचे दिवसाला १ लाख ७३ हजार रुपये होतात. एका चिठ्ठीने शेतकऱ्याच्या खिशातून जे काढलं, त्यातलं किती तरी त्याच चिठ्ठीमुळे भट्टीत गेलं.

त्या पोराला आळशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आपण मोजलेला आकडा शेवटी चिठ्ठीप्रमाणेच लिहिला जाणार आहे, हे कळल्यावर रात्री दोन वाजता उकाड्यात जाऊन नमुना कोण आणेल? त्याचं काम निरर्थक झालं होतं आणि ते आम्ही केलं होतं. कामगाराला पगारवाढ हवी असते, बोनस हवा असतो, थकलेला पगार तर हवाच असतो. ते हक्काचं आहे आणि त्याबद्दल युनियन बोलते. पण आपण केलेलं काम खऱ्या हिशेबात धरलं जावं, ही त्याहून जुनी भूक आहे. ती मेली की माणूस हजेरीपुरता येतो.

जुने पॅनमन त्या काळातही होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पुन्हा एकदा फॉल्स ग्रेन आला. या वेळी काच घेऊन कुणी खाली आलं नाही. सेंट्रिफ्यूगलवाल्यांनी पाणी मारमारून तो पॅन ढकलला आणि मळीची प्युरिटी, म्हणजे तिच्यात गेलेल्या साखरेचं प्रमाण, वर गेली तेव्हा मला कळलं. मी त्यांना एकांतात विचारलं. म्हणाले, "आता खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे, साहेब?" हा तोच माणूस होता, तेच हात होते. नव्या व्यवस्थापनाने त्यांना साधा मेमोही दिलेला नव्हता. कुणाशी वाकडं नव्हतं. वरचा कारभार बघून त्यांनी आपली काच खाली ठेवली होती.

आणि ही गोष्ट गेटच्या आत राहत नाही. ऊसतोड मजुराची मजुरी टनावर असते, वाहतूकदाराचं भाडंही टनावर. बीडकडून आलेली टोळी पहाटे तीनला फडात उतरते. काट्यावर शंका आली की पहिला मार शेतकऱ्याला नसतो, कोयता चालवणाऱ्या नवराबायकोला असतो. आमच्या भावाच्या फडात मी एका मुकादमाला म्हटलं, "बुडखे एवढे वर का सोडताय? साखर तर खालच्या कांड्यांत असते." तो म्हणाला, "सायेब, वजन खरं मिळंना, मग आमी तरी जमिनीपर्यंत किती वाकायचं?" मोळीत पाचट जास्त येत होतं, वाडंही नीट छाटलेलं नव्हतं. गमावलेलं वजन तो पाचटाने भरून काढत होता. वर फडमालकाकडून खुशालीचे आणि ड्रायव्हरच्या एंट्रीचे पैसे उकळले जायचे, ते वेगळंच. पाचट मिलमध्ये गेलं की ते रस पिऊन बाहेर पडतं. मुकादमाला मी काय तांत्रिक मार्गदर्शन करणार होतो?

तुम्ही म्हणाल, आम्ही असे अध्यक्ष पाहिलेत जे फार सरळ नाहीत, पण कारखाना जोरात चालतो. चालतो, मान्य आहे. नवी मशिनरी, भरपूर पाऊस, डिस्टिलरी आणि सहवीजनिर्मितीचे पैसे यांच्या जोरावर काही हंगाम चालतो. पण त्याच कारखान्यात हुशार केमिस्ट किती टिकतात ते बघा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेली चांगली पोरं आमच्याकडून दोन हंगामांत खासगी कारखान्यांकडे गेली. जाताना पगाराचं कारण सांगून गेली. त्यातल्या एकाने नंतर मला सांगितलं की पगारातला फरक किरकोळच होता, खोट्या आकड्यावर पहिली सही करायच्या आधी त्याला निघायचं होतं. मागे राहिलो ते माझ्यासारखे, ज्यांची सही होऊन गेली होती.

सरळ वागूनही कारखाने बुडालेत, हेही मी नाकारत नाही. प्रामाणिकपणा म्हणजे व्यवस्थापन नव्हे. कर्ज कधी काढावं, साखर कधी विकावी, हे शहाणपण वेगळंच लागतं. पण शहाणपण चालवायला खरे आकडे हवेत, आणि ते आकडे रात्री दोन वाजता मिलवर उभा असलेला पोरगा देतो.

सहकाराची सुरुवात याच समजुतीवर झाली होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करून प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५० मध्ये तो सुरू झाला. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात मंत्री होते, त्यांचा पाठिंबा होता. आणि अध्यक्षपदी होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. पुढे हेच गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. मला या निवडीचं फार कौतुक वाटतं. रांगेत ज्याचा ऊस नाही, असा माणूस शेतकऱ्यांच्या पहिल्या कारखान्याच्या खुर्चीत बसला होता. कर्जाचा डोंगर, अडाणी म्हणून हिणवले गेलेले सभासद, हात देणारे थोडे. अशा वेळी हिशेबावर विश्वास बसणं ही पहिली गरज होती. आज गावोगावी दवाखाने, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेजं उभी दिसतात, ती त्या विश्वासावर उभी आहेत.

तुमच्यापैकी किती जणांना हे पत्र बोचेल ते मला माहीत नाही. अनेक अध्यक्ष सरळ आहेत, त्यांचे कारखाने मी पाहिलेत, त्यांच्या लॅबमध्ये बसून चहा प्यायलोय. तिथे आकडा विचारला तर केमिस्ट रजिस्टर पुढे करतो. दुसरीकडे विचारला तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. कारखाना ओळखायला मला एवढं पुरतं.

म्हणून विनंती आहे. येत्या अग्निप्रदीपनाला उतारा वाढवा असं कामगारांना सांगण्याआधी काही गोष्टी स्वतः करा. तुमच्या शेतातली पहिली ट्रॉली नंबराने येऊ द्या. ती आधी बाहेरच्या काट्यावर तोला, मग आपल्या काट्यावर, आणि दोन्ही वजनं यार्डातल्या फळ्यावर खडूने लिहा. कोणत्याही सभासदाने बाहेर वजन करून आणलं तर ते हसतमुखाने स्वीकारा. वैधमापन खात्याचं भरारी पथक आलं तर ऑफिसात चहाला बसवू नका, थेट काट्यावर न्या. कायद्याने ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते जमणार नसेल तर पंधराव्या दिवशी स्वतः उभं राहून का जमलं नाही ते सांगा. कामगारांचा पगार थकला असेल तर संचालकांचे भत्ते आधी थांबवा. आणि चीफ केमिस्टला सगळ्यांसमोर, तोंडी, एवढंच म्हणा : "जे येईल ते लिहा." लेखी नको, तोंडीच. त्या वाक्याची बातमी दिवस मावळायच्या आत पॅनच्या मजल्यावर जाते.

काही चुकलंमाकलं असेल तर वयाकडे पाहून क्षमा करा. माझ्या हाताखालचा तो पोरगा आता एका कारखान्यात लॅब इन्चार्ज आहे. गेल्या हंगामात त्याचा फोन आला होता. त्याच्याही टेबलावर एक कागद आला होता. त्याने तो परत पाठवला आणि आता पुढे काय होतं याची वाट बघतोय. मी त्याला म्हटलं, मी नाही पाठवू शकलो, तू पाठवलास, मला फार बरं वाटलं. तुमच्यापैकी कुणाच्या तरी कारखान्यात तो आहे. नाव मी सांगणार नाही.

आमच्याकडे पाळी पहाटे चारला बदलते. हंगाम सुरू झाला की एकदा, न कळवता, त्या वेळेला लॅबमध्ये या. जाणारा आणि येणारा, दोन्ही केमिस्ट तिथे असतील. बगॅसचा आकडा विचारा, आणि तो कितीही वाईट असला तरी ऐकून घ्या.

आपला नम्र,
एक निवृत्त केमिस्ट, ऊस उत्पादक सभासद